ध्रुव एक मजला वर

पृथ्वी फिरते यावर माझा पूर्वी काही आक्षेप नव्हता. शाळेत तसं लिहिलं की मार्क मिळायचे, एवढ्यावरच आमचे संबंध होते. शीळफाट्याला राहायला आल्यावर तर उलट आधार वाटायला लागला. मुंब्रा, कल्याण, महापे आणि पनवेल अशा चारी बाजूंनी आलेले कंटेनर नाक्यावर एकमेकांकडे बघत उभे असतात, तेव्हाही पृथ्वी त्या सगळ्यांना घेऊन तासाला पंधरा अंश पुढे जात असते. वाहतूक पूर्ण ठप्प होती असं म्हणणं शास्त्राला धरून नाही, हे मी ऑफिसात उशिरा पोचल्यावर एकदा सांगूनही पाहिलं.

आक्षेप सुरू झाला तो दुर्बीण घेतल्यावर.

दुर्बीण आठ इंची आरशाची, डॉब्सोनियन. एक जाडजूड नळी आणि ती ठेवायला प्लायवूडची पेटी. पेटी गोल पाटावर फिरते, नळी पेटीत वर-खाली होते. ना तिपाई, ना वायर. जे बघायचं त्याच्याकडे हाताने ढकलायचं. शीळफाट्याच्या आकाशात तेजोमेघ शोधायला कुणी जाऊ नये. गोदामांचे फ्लडलाइट आणि पुलावरचे दिवे मिळून आमच्याकडे अमावास्या होऊ देत नाहीत. पण चंद्र, गुरू, शनी यांना त्याचं काही वाटत नाही. ते बिचारे दिसतात. गोची पुढे आहे. सहा मिलिमीटरचं आयपीस लावलं की दोनशेपट मोठं दिसतं आणि नजरेत राहतो आकाशाचा जेमतेम पाव अंश. आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं. म्हणजे गुरू एका काठाने आत येतो आणि मिनिटभरात दुसऱ्या काठाने चालता होतो.

एक मिनिट. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना चष्मा कपाळावर चढवायला, पदर खोचायला, ‘कुठल्या डोळ्याने बघू रे?’ असं विचारायला आणि उरलेला डोळा मिटायची सवय नसल्याने तो हाताने झाकायला बरोबर एक मिनिट लागतं. मग त्या म्हणतात, ‘काळं दिसतंय.’ मी पुढे होऊन नळीला बोट लावतो, गुरूला परत आणतो आणि काकू पुन्हा चष्म्यापासून सुरुवात करतात. मागे गच्चीवर रांग. रांगेतल्या प्रत्येकाला गुरूचे चार चंद्र बघायचे असतात आणि प्रत्येकाला आधी काळंच दिसतं.

तेव्हा माझ्या मनात आलं की दुर्बिणीला मोटर बसवावी. आकाश जितकं सरकतं तितकीच दुर्बीण सरकली, तर गुरू मधोमध थांबेल, काकूंनी हवा तितका वेळ चष्मा काढावा. १८२४ साली फ्राउनहोफरने डोर्पाटच्या वेधशाळेला दिलेल्या दुर्बिणीला वजनावर चालणारं घड्याळ होतं. त्यामुळे ती आपसूक ताऱ्यामागे जायची. दोनशे वर्षांपूर्वी एका काच कारागिराला जमलं ते मला, हातात मोबाइल आणि घरात ड्रिल मशीन असताना, का जमू नये? बायको म्हणाली, ‘ड्रिलने तू पडद्याचा रॉड अजून बसवलेला नाहीस.’ मूळ संकल्पनेशी याचा संबंध नव्हता.

खरं तर ज्याच्या नावाने ही दुर्बीण ओळखली जाते, त्याचं चरित्र मी आधी वाचायला हवं होतं. जॉन डॉब्सन, जन्म १९१५, बीजिंग. शिक्षण रसायनशास्त्राचं, आणि १९४४ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी, म्हणजे थेट आपल्या रामकृष्ण-विवेकानंद परंपरेतला. हा माणूस जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे करायचा, पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवायचा आणि रात्री मठाबाहेर रस्त्यावर नेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवायचा. मठात हे खपणारं नव्हतं, म्हणून पत्रव्यवहारात दुर्बिणीला ‘जिरेनियम’ म्हणायचा संकेत ठरला होता. आपल्याकडे असता तर तुळस म्हणाला असता. शेवटी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला, पुढच्याच वर्षी फुटपाथवर दुर्बीण लावणाऱ्यांचा संघ उभा राहिला, आणि २०१४ मध्ये ९८ वर्षांचा होऊन जाईपर्यंत तो लोकांना आकाश दाखवत राहिला. त्याच्या पेटीखाली टेफ्लॉनचे तुकडे आणि त्यांवर फॉर्मायका, म्हणजे आपला सनमायका. बोटाने ढकललं की सरकते, बोट काढलं की तिथेच थांबते. सगळी करामत एवढीच. या दुर्बिणीला मोटर लावणं म्हणजे संन्याशाला दहा ते सहाच्या नोकरीला चिकटवण्यासारखं होतं. पण हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल. मी ड्रिल चालवत होतो.

पहिला विचार होता तो दुर्बिणीला हातच न लावण्याचा. दुर्बिणीखाली फिरता पाट ठेवायचा. पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा अक्षाभोवती हळूहळू कलणारा हा पाट आद्रियाँ पॉन्से नावाच्या फ्रेंच माणसाने १९७७ मध्ये जगापुढे मांडला. एकच मोटर, एकच वेग, तासभर चालतो, मग पाट पुन्हा मूळ जागी आणायचा. एवढं सुटसुटीत वाचल्यावर मी डायघरच्या बाजूला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे आराखडा घेऊन गेलो. त्याने कागद उलटा-सुलटा करून विचारलं, ‘साहेब, हे फिरणार किती?’

‘तासाला पंधरा अंश.’

‘मग मोटर कशाला? पोराला बसवा.’

या सूचनेकडे मी दुर्लक्ष केलं. तिची किंमत पुढे कळली.

आराखडा होता चाळीस अंश अक्षांशाचा. शीळफाटा आहे एकोणिसाच्या थोडा वर. फरक फक्त एकवीस अंशांचा, तेवढी पाचर मारू, असं आमचं ठरलं. आता, पृथ्वीचा अक्ष लंडनच्या माणसाला बराच उभा दिसतो. तिथे असा पाट कलतो कमी आणि जागच्या जागी गोल फिरतो जास्त. आपल्याकडे अक्ष जवळजवळ आडवा पडलेला. त्यामुळे पाट फिरतो कमी आणि कलतो जास्त. तासाभरात तो चौदा अंश कलतो, सुरुवातीला सात अंश पूर्वेकडे झुकलेला, शेवटी सात अंश पश्चिमेकडे. आणि त्यावर ठेवलेली दुर्बीण कोणती, तर जिला बोट लावलं तरी सरकते ती. अर्ध्या तासापर्यंत गुरू अगदी मधोमध होता. काकू खूश, मी पुढाऱ्यासारखा कमरेवर हात ठेवून उभा. मग पाट पश्चिमेला झुकला, नळीकडचा भार उताराला लागला, आणि दुर्बिणीने, काकूंचा डोळा लागलेला असतानाच, सावकाश मान वळवून महापेकडे तोंड केलं. काकू म्हणाल्या, ‘आता लिफ्टसारखं काहीतरी दिसतंय.’ समोरच्या बांधकामावरची मालवाहू लिफ्ट होती ती. रांगेतल्या दोघातिघांनी तीही बघितली. चांगली दिसत होती म्हणाले.

शिवाय पाटाचा अक्ष बरोबर ध्रुवाकडे लागावा लागतो. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून एकोणीस अंशांवर, आणि आमच्या उत्तरेला त्याच उंचीवर टॉवर. होकायंत्र वापरावं, कारण मुंबईच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फारसा फरक नाही. पण गच्चीच्या स्लॅबमधल्या सळयांना ते मान्य नव्हतं. दोन पावलं इकडे उत्तर कल्याणला, दोन पावलं तिकडे भिवंडीला. शेवटी टॉवरच्या कडेला एक मंद, न लुकलुकणारा ठिपका सापडला. न लुकलुकणारा तारा म्हणजे संशयाची जागा, हे पुस्तकात छापलेलं असतं. पण रात्री अकरा वाजता कोण पुस्तक उघडतो? मी पाट त्या ठिपक्यावर लावला, रंगाने खुणा केल्या. दुसऱ्या रात्री बघतो तर ध्रुव एक मजला वर सरकलेला. ज्या बालकाला साक्षात विष्णूने अढळपद दिलं, तो स्लॅब पडला की वर चढत होता. क्रेनच्या दिव्यावर मी आख्खी दुर्बीण लावली होती, ही माहिती गच्चीवर कुणाला द्यायची गरज मला वाटली नाही. रंगाच्या खुणा अजून आहेत. नवीन लोक विचारतात, तेव्हा मी बॅडमिंटनच्या आहेत म्हणून सांगतो.

पाट भिंतीला टेकवला आणि खऱ्या मार्गाकडे वळलो, म्हणजे दोन मोटरी. एक पेटी फिरवायला, एक नळी वर-खाली करायला, आणि दोघींना क्षणाक्षणाला हुकूम सोडणारा छोटा संगणक. याला मोठा आधार होता. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूपांनी उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. त्याही अशाच, एक हालचाल आडवी आणि एक उभी. जुन्नरजवळ गिरवलीला २००६ पासून आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे, तिचीही जातकुळी हीच. माझं प्लायवूड आणि गोविंद स्वरूपांच्या तबकड्या यांच्यात तत्त्वतः काही अंतर नाही, हे वाक्य मी त्या दिवसांत बऱ्याच लोकांना ऐकवलं. तत्त्वतः हा शब्द मी हळू म्हणायचो.

सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं. त्या रस्त्याचं नाव कधीच डॉ. भडकमकर मार्ग झालंय, पण त्या नावाने विचारलं तर दुकानदार हातातला कपॅसिटर खाली ठेवून बघतात. मुंबईहून येणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला ७ किलोमीटर खाडीखालून, शीळफाट्यालाच उजेडात येणार आहे. तोवर आम्ही दिव्याला रिक्षाने जातो, तिथून लोकलने दादर आणि गाडी बदलून ग्रँट रोड. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, ‘थ्रीडी प्रिंटर बनवताय?’ मी म्हटलं, ‘नाही, गुरू धरायचाय.’ त्याने निमूटपणे नेमा-१७ जातीच्या दोन स्टेपर मोटरी, दातेरी पट्टा आणि ड्रायव्हरच्या चिपा पिशवीत घातल्या. तिथे याहून विचित्र गिऱ्हाइकं येत असावीत.

गणिताचा भाग मात्र मला मनापासून आवडला, म्हणून तेवढा सांगतो. मोटरच्या एका फेरीत २०० पावलं. चिप प्रत्येक पावलाचे १६ भाग करते. पट्टा आणि गिअर मिळून शंभर पट कपात. म्हणजे पूर्ण वर्तुळाचे तीन लाख वीस हजार तुकडे झाले, एक तुकडा चार विकलांचा. गुरूची चकती असते पंचेचाळीस विकलांच्या आसपास. इतक्या बारीक पावलांनी माझं प्लायवूड चालणार या कल्पनेनेच मला झोप येईना. झोप न येण्याचं दुसरं कारण, मोटर रात्रभर हॉलमध्ये चाचणीला लावली होती आणि ती कुंईऽऽ अशा आवाजात गायची.

मग टेफ्लॉनने दगा दिला. मोटरला पकड लागते आणि डॉब्सनला निसरडेपणा. पट्टा घट्ट केला तर हाताने दुर्बीण हलेना, सैल केला तर मोटर नुसती फिरायची आणि दुर्बीण जागेवर. मधला कुठला तरी ताण बरोबर असणार. तो मी स्क्रूच्या पाव-पाव आट्याने शोधत होतो, तेवढ्यात लिफ्ट सुरू व्हायची. लिफ्टची खोली आमच्या गच्चीवरच आहे. कुणी सातव्या मजल्याचं बटण दाबलं की स्लॅब हलके थरथरतो आणि गुरूचे चार चंद्र आठ होतात. थांबली की पुन्हा चार. या गच्चीवर गॅलिलिओ असता तर त्याच्या वहीत काय काय नोंदलं गेलं असतं!

तरी जानेवारी २०२५ पर्यंत यंत्र चालायला लागलं. आणि त्याच महिन्यात ‘ग्रहांची परेड’ आली. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि शनी, वर गुरू, पूर्वेला मंगळ. हे ग्रह बरेच दिवस तसेच दिसणार होते, पण व्हॉट्सॲपवर ‘शतकातून एकदाच’ असं फिरत होतं, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी जाहीर केलं, आपल्या गच्चीवर स्वयंचलित दुर्बीण आहे, सर्वांनी यावे. स्वयंचलित! मी तो मेसेज स्क्रीनशॉट काढून ठेवला.

गच्ची भरली. कुणी भेळ आणली होती. शनीने आधीच पाणी पाडलं. त्या मोसमात त्याचं कडं आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसत होतं, त्यामुळे प्रत्येक जण ‘कडं कुठाय?’ म्हणून माझ्याकडे मीच काढून ठेवल्याच्या नजरेने बघत होता. मग मी सगळ्यांना गुरूकडे वळवलं. मोटर लावली. कुंईऽऽ. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. गुरू जागचा हलला नाही. काकूंनी चष्मा काढला, पुसला, पदर खोचला, डोळा लावला आणि म्हणाल्या, ‘अगंबाई, आहे की!’

इथे कार्यक्रम संपवायला हवा होता.

गुरू त्या दिवसांत खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेएकवीस अंशांवर होता. आमचा अक्षांश एकोणीस. म्हणजे रात्री नऊच्या सुमाराला तो जवळजवळ थेट डोक्यावरून, पण डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जात होता. डोक्यावरचा तेवढा तुकडा अशा प्रत्येक दुर्बिणीची दुखरी जागा. तिथे ग्रह नेहमीसारखाच सरकतो, पण त्याच्याकडे तोंड ठेवायला खालच्या पेटीला नेहमीच्या वीस पटींहून जास्त वेगाने वळावं लागतं. आमची मोटर तेवढंही वळली. अडचण वेगळीच निघाली. दिशा मोजतात उत्तरेपासून, शून्य ते तीनशे साठ. पूर्वेकडून उत्तरेकडे आलेला गुरू शून्यावर पोचला आणि पुढच्या क्षणी तीनशे एकोणसाठवर गेला. माणसाला हा एक अंश. मी लिहिलेल्या प्रोग्रामला मात्र गुरू तीनशे एकोणसाठ अंश लांब गेल्याचं दिसलं, आणि त्याने प्रामाणिकपणे त्याला गाठायचं ठरवलं. पूर्ण वेगाने, लांबच्या वाटेने.

नळी जवळजवळ उभी. आयपीस वरच्या टोकाला, काकूंच्या डोळ्याच्या उंचीवर. ते फिरायला लागलं. काकूंना वाटलं हेच स्वयंचलित. त्यांनी डोळा काढला नाही. आयपीस पुढे, काकू मागे, अशी बारीक पावलांची एक प्रदक्षिणा सुरू झाली. ‘फिरत फिरत बघायचं असतं का रे?’ त्यांनी विचारलं. कुणीतरी भाविकपणे ‘गुरूच आहे तो’ म्हणालं आणि लहान मुलं मागोमाग निघाली. मी बटण शोधत होतो. बटण होतं पेटीच्या त्या बाजूला, जी आत्ता काकूंच्या पलीकडे गेली होती. मी तिकडे धावलो की ते इकडे यायचं. वायर नळीभोवती गुंडाळत गुंडाळत आखूड झाली, स्टुलावरची बॅटरी कडेला आली आणि भेळेच्या पातेल्यात पडली. मोटरी थांबल्या. गुरू, अर्थातच, दिसेनासा झाला होता.

‘काळं दिसतंय,’ काकू म्हणाल्या.

प्रोग्राम दुरुस्त करायला एक ओळ पुरली. अंतर एकशे ऐंशीहून जास्त निघालं तर उलट बाजूने जा, एवढंच. पण सोसायटीच्या ग्रुपवर भेळेचा फोटो फिरत होता आणि दुरुस्तीची बातमी तिथे टाकण्याचं धैर्य मला झालं नाही. पुढच्या वेळी लोक आले ते मोटर बंद करा असं सांगतच. फॅब्रिकेशनवाल्याचा सल्ला शेवटी अमलात आला. दुसऱ्या मजल्यावरचा सहावीतला मुलगा आता रांगेशेजारी उभा राहून नळीला बोटाने बारीक धक्के देतो. त्याला दिशा उत्तरेपासून मोजावी लागत नाही. मोबदला आइस्क्रीम.

मोटरी काढून कपाटात ठेवल्या होत्या. ऑगस्टमध्ये मंडळाची पोरं आली. ‘काका, तुमच्याकडे मोटर आहे ना? बाप्पाच्या मागे सुदर्शनचक्र करतोय, फिरतं पाहिजे.’ इतक्या दिवसांनी कुणीतरी ती मागून नेत होतं. मी गिअर, पट्टा, चिप, सगळं जोडून दिलं, चक्राच्या एका आऱ्याला लाल बल्ब लावला. मखर छान झालं.

२७ ऑगस्टला प्रतिष्ठापना झाली, आरती झाली आणि सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘चक्र बंद आहे तुमचं.’

‘चालू आहे.’

‘कुठे फिरतंय?’

‘फिरतंय. तेवीस तास छप्पन्न मिनिटांत एक फेरी.’ वेग बदलायचा राहूनच गेला होता. आता बदलायचा तर लॅपटॉप आणा, केबल शोधा, बाप्पाच्या मागे हात घाला. मूर्ती हलवायची नसते. काकू म्हणाल्या, ‘असू दे रे, शांत आहे.’ पोरं मात्र दर्शनाला येणाऱ्यांना ‘लाइट गेलीय’ सांगत होती. मखरभर दिवे चालू असताना.

आमचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या आरतीला मी सेक्रेटरींना दाखवलं, काल सकाळी वर असलेला लाल बल्ब आता खाली आलाय. छत्तीस तासांत दीड फेरी, आणि तारे सूर्याहून थोडे घाईत असतात म्हणून वर दीड अंश जास्त. बघा, किंचित पलीकडे गेलाय की नाही?

ते म्हणाले, ‘टेम्पो आला का तेवढं बघा.’